आधी जेवण, मग स्लॅब

आमच्या झरी गावात महारुद्र अप्पांच्या गिरणीवर दळण घेऊन गेलेला माणूस नुसतं पीठ घेऊन कधी परत येत नाही. पोटात चहा, खिशात मूठभर फुटाणे आणि डोक्यात अप्पांचं एखादं मत घेऊनच येतो. घाई आहे म्हणालं, तर चहात साखर जास्त पडते. साखर डॉक्टरांनी बंद केलीय म्हणालं, तर अप्पांना त्या डॉक्टरांचा राग येतो आणि चहा रद्द करून आत निरोप जातो, पाव्हण्याला भाकरी वाढा. हा निरोप जिथं जाऊन पोचतो तिथं अप्पांची बायको, म्हणजे आमच्या सुमनकाकू, असतात. अप्पांचा पाहुणचार गावभर प्रसिद्ध आहे. तो भाजून, परतून, कालवून बाहेर पाठवणारी बाई तेवढी आत असते.

काकूंचं स्वयंपाकघर पत्र्याचं. लग्न होऊन आल्या तेव्हापासून पत्र्याचंच. मधल्या काळात पुढची खोली पक्की झाली, गिरणीवर स्लॅब पडला. चक्कीच्या मोटारीला ऊन लागू नये अशी अप्पांची इच्छा होती. स्वयंपाकघराची पाळी आली की मात्र दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. चैत्र सरता सरता तो पत्रा असा तापायचा, की तव्यावरची भाकरी आधी भाजते की तव्यापुढच्या काकू, हे सांगणं अवघड व्हायचं. काकूंनी हे सगळं मुकाट्यानं सोसलं, असं लिहायला मला आवडलं असतं, पण ते साफ खोटं होईल. त्या रोज बोलायच्या. चक्कीच्या घरघरीत बसून बसून अप्पांचा कान बायकोच्या आवाजापुरता गेला होता, एवढंच.

यंदा काकू आवाज न चढवता बोलल्या. म्हणाल्या, ह्या उन्हाळ्यात वरी स्लॅब पडला न्हाई तर पुढच्या उन्हाळ्यात ह्या घरात गॅस पेटणार न्हाई, तुमच्या पाव्हण्याला फुटाणेच चारा. हे मात्र अप्पांना स्पष्ट ऐकू आलं.

कामाला पंडित मिस्त्री. डोळ्यांवर काळा गॉगल, कानावर पेन्सिल आणि बोलण्यात सदैव स्वतःचे जुने स्लॅब. ‘माझ्या स्लॅबवर ट्रॅक्टर चालवा,’ असं तो कुणी न विचारता सांगतो. आजवर कुणी चालवलेला नाही, त्यामुळे दावा टिकून आहे. पण माणूस कामाचा. त्यानं आधीच बजावून ठेवलं होतं की उन्हाचे दिवस आहेत, वारा सुटलेला आहे, स्लॅब घोटून झाला की त्यावर लगोलग ओलं बारदान पडलं पाहिजे. अप्पांनी गिरणीतलं आणि आडत्याकडचं बारदान गोळा केलं. काकूंनी ती सगळी पोती धुतली, वाळवली आणि घडी घालून शिडीपाशी रचून ठेवली. आपल्या स्लॅबचं अंथरूण-पांघरूण म्हणून त्या ढिगाकडे त्या येता-जाता बघत.

स्लॅबच्या दिवशी मिक्सर पहाटेच येणार होता. तो दुसऱ्याच कुणाच्या स्लॅबवर अडकला आणि आला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. नारळ फुटला, मिक्सर गरगरला, माणसांची रांग लागली. शेवटचं घमेलं वर गेलं तेव्हा सूर्य माथ्यावर होता आणि मोकळ्या रानांवरून असा कोरडा वारा सुटला होता की दोरीवरचं ओलं धोतर पिळणाऱ्याच्या डोळ्यांदेखत वाळावं. पंडितनं स्लॅब घोटून घोटून गुळगुळीत केला.

इकडे कडुनिंबाखाली सकाळपासून जिलबीवाला बसवलेला. स्लॅबच्या दिवशी मालकानं कामकऱ्यांना गोडधोड जेवू घालायचं ही आमच्याकडची रीत. बाकीचे लोक सगळं उरकून, हातपाय धुऊन संध्याकाळच्या सुमारास घालतात. पण भुकेल्या माणसाकडून काम करून घेणं हे अप्पांच्या घराण्यात बसत नाही.

“अप्पा, एवढं बारदान भिजवून टाकतो अन् आलोच,” पंडित वरून म्हणाला.

“स्लॅब काय पळून चाललाय का?” अप्पा खालून म्हणाले. “जिलबी मात्र थंड व्हायलीय.”

पंडितनं पुन्हा काहीतरी सांगून पाहिलं. तेव्हा अप्पा स्वतः शिडी चढले आणि नवरदेवाला बोहल्यावर न्यावं तसं त्याला दंडाला धरून खाली घेऊन आले.

पंगत बसली. खाली मातीच होती, तेव्हा अप्पांनी इकडेतिकडे बघितलं, शिडीपाशी रचलेली पोती उचलली, झटकली आणि ओळीनं अंथरली. पोती चांगली मऊ होती. हे मी खात्रीनं सांगू शकतो, कारण त्यातल्या एका पोत्यावर मी होतो.

अप्पांच्या आग्रहाला बचाव नाही. पत्रावळीवर हात आडवा धरावा तर ते हात बाजूला करत नाहीत, हातावर वाढतात. ‘नको’ हा शब्द त्यांना ‘अजून’ असा कळतो. सेंट्रिंगवाल्यांना वाढलं, मिक्सरवाल्यांना वाढलं, पंडितला तर इतकं वाढलं की त्यानं गॉगल काढून घाम पुसला. मग मठ्ठा आला. मग मठ्ठ्यावर पुन्हा जिलबी, कारण मठ्ठ्यानं तोंड आंबट होतं. मग पानसुपारी. आणि एवढं झाल्यावर माणूस लगेच उठतो थोडाच.

पंडित शेवटी शिडी चढला आणि वरच्या पायरीवर थबकला. त्याच्यामागून अप्पा चढले, अप्पांमागून मी. मघाशी गुळगुळीत दिसलेल्या स्लॅबवर म्हाताऱ्या तळहातावर असतात तशा रेषा उमटल्या होत्या. बारीक, लांब, एकमेकींना कापत गेलेल्या. पंडितनं थापी घेऊन त्या बुजवायला सुरुवात केली, वरून सिमेंटचं पाणी फिरवलं, पण स्लॅब आता कुणाचं ऐकण्यापलीकडे गेला होता.

खालून काकूंनी विचारलं, काय झालं. अप्पा म्हणाले, काही न्हाई, मामुली हाय. तीन बोलघेवडी माणसं छतावर गप्प उभी आहेत म्हणजे मामला मामुली नाही, हे काकूंना तेवढ्यावरून कळलं. त्यांनी अंगणातली पोती उचलली, त्यांना लागलेला जिलबीचा पाक धुतला आणि ओली करून संध्याकाळी वर टाकली. पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून अप्पांनी गुन्हेगार शोधायला घेतला. आधी सिमेंट. मग वाळू. मग विहिरीचं पाणी, जे ते स्वतः पितात. मग उशिरा आलेला मिक्सर. अशी सगळ्यांची पाळी होऊन शेवटी बोट पंडितवर आलं. गिरणीच्या ओट्यावर चारचौघांत अप्पा त्याला म्हणाले की तुझ्या हातानं माझ्या घराची शोभा झाली, आता पुढचं काम करू नको. आम्हाला वाटलं पंडित आता ट्रॅक्टर काढणार. पण पंडितनं फक्त गॉगल पुसला, डोळ्यांवर चढवला आणि निघून गेला. एवढा बोलका माणूस एवढा गप्प का, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

यानंतर सुरू झालं ते भेगदर्शन. दळणाला येणाऱ्या प्रत्येकाला अप्पा हाताला धरून वर नेत आणि पोती सारून दाखवत. प्रत्येक भेग त्यांनी खडूनं गिरवून ठेवली होती. जिंतूरकडच्या एका पाहुण्यानं त्यात पूर्णा नदी ओळखली आणि येलदरीचं धरण नेमकं कुठं येतं तेही दाखवलं. अप्पांना ते आवडलं नाही, पण त्यांनी त्याला जेवू घातलं. शेजारी म्हणून मला तर रोज चढावं लागे. भेग कालच्यापेक्षा वाढली का, हे मी बघून सांगायचं. वाढली नाही म्हणालं तर अप्पांना वाटे मी नीट बघत नाही. वाढली म्हणालं तर त्यांचं जेवण उतरत नसे. शेवटी मी ‘आहे तिथंच हाय’ असं, ओवरीवर निजलेल्या पाहुण्याबद्दल बोलावं तशा सुरात सांगायला शिकलो.

सल्ले तर पोत्यानं आले. कुणी म्हणालं, डिंक कालवून भरा. कुणी म्हणालं, गूळ आणि बेलफळ, जुन्या काळी तेच घालायचे. गल्लीतल्या केशरबाई म्हणाल्या, दृष्ट लागलीय, एवढ्या लोकांना जेवायला कुणी घालतं का, वर काळी बाहुली बांधा. आता मागे वळून बघताना वाटतं की कारणाच्या सर्वांत जवळ केशरबाईच पोचल्या होत्या. गावच्या एका पोरसवद्या जावयानं मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली, त्यात परदेशातला एक माणूस अशीच भेग कसल्याशा पिचकारीनं भरत होता. अप्पांनी शेवटपर्यंत बघितली आणि विचारलं, हा जेवला का.

आणि मग सूर्यभान. सूर्यभानचा स्वतःचा स्लॅब पहिल्या पावसापासून गळतो. अशा माणसाला दुसऱ्याच्या भेगेत फार जिव्हाळा असतो. तो रोज संध्याकाळी यायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, “अप्पा, मी तुमच्या जागी असतो तर तोडला असता.” आपला का नाही तोडला, हे त्याला कुणी विचारलं नाही. पण रोज ऐकलेली गोष्ट माणसाला हळूहळू स्वतःचीच वाटू लागते. एका संध्याकाळी अप्पांनी जाहीर केलं की स्लॅब तोडायचा. परभणीहून तोडायची मशीन येणार, दिवस ठरला. तोडायच्याच स्लॅबला पाणी कशाला, म्हणून त्यांनी पाणी मारणंही बंद केलं.

सुमनकाकूंचं काय झालं असेल ते सांगायला नको. स्लॅब तुटला की पुन्हा सेंट्रिंग, पुन्हा लोखंड, आणि पुढे पाऊस. म्हणजे पुन्हा पत्रा, पुन्हा वैशाख. त्यांनी अप्पांना बोलून बघितलं. चक्की चालू होती.

मग त्यांनी बोलणं सोडलं आणि सकाळ-संध्याकाळ कळशा घेऊन शिडी चढायला सुरुवात केली. पोत्यांवर पाणी ओतायचं, खाली यायचं, भाकऱ्या टाकायच्या. अप्पा म्हणाले, खामखा मेहनत करायलीस. काकू म्हणाल्या, माझा स्लॅब हाय, मी पाजीन पाणी. आणि त्यांनी माहेरी, बोरीला, एक फोन लावला.

बोरीचा नागसेन वाघमारे पंचायत समितीकडची घरकुलांची कामं बघतो. इंजिनीअर माणूस, पण काकूंच्या गल्लीतला, त्यांना आक्का म्हणणारा. तो म्हणाला, येतो. नेमका मशीन यायच्याच दिवशी त्याला वेळ होता. सकाळी कामं आटोपून निघतो म्हणाला.

मशीन मात्र सकाळीच आली. टेम्पोतून दोन दणकट माणसं उतरली, त्यांनी वायर सोडली, बोर्ड कुठं आहे ते विचारलं. बोरीच्या वाटेवर अजून कुणीच दिसत नव्हतं. मी काकूंकडे बघितलं. वाटलं, आता रडतात. काकूंनी पदर खोचला, दारात आल्या आणि त्या माणसांना ऐकू जाईल अशा बेतानं अप्पांना म्हणाल्या,

“परभणीहून उपाशीच आलेले दिसायलेत बिचारे.”

बस. अप्पांचा चेहरा पालटला. ती माणसं म्हणाली, खाऊन आलोय. अप्पा म्हणाले, असं कसं. ती म्हणाली, नुसता चहा द्या. अप्पा म्हणाले, नुसता चहा आमच्या घरी माणसाला देत न्हाईत. मशीन भिंतीला टेकली, माणसं कडुनिंबाखाली टेकली. काकूंनी कांदे काढले आणि जन्मात कुणी चिरले नसतील इतके बारीक चिरायला बसल्या. पोहे आले. पोहे संपत आले तेव्हा थालीपिठाचं पीठ मळायला घेतलं. थालीपीठ लागलं तेव्हा काकूंना दह्याची आठवण झाली, आणि दही माझ्या घरी होतं, आणि ते आणायला मला कुणीही घाई करू नये अशा नजरेनं काकूंनी मला धाडलं. मी आयुष्यात इतक्या सावकाश कधी चाललो नाही. मशीनवाल्यांपैकी एक जण तिसऱ्या थालीपिठावर हात आडवा धरून बसला होता. अप्पांनी त्याच्या हातावर चौथं ठेवलं.

तेवढ्यात नागसेनची मोटारसायकल आली.

अप्पा पुढं झाले, या, बसा, आधी चार घास. नागसेन म्हणाला, दाजी, आधी स्लॅब. अप्पांच्या अंगणात हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं गेलं असावं. त्या धक्क्यात ते बाजूला झाले.

वर आम्ही सगळेच चढलो. बातमी लागल्यासारखा सूर्यभान आला होता, आणि पंडितही कुठूनसा येऊन एका कोपऱ्यात उभा होता. नागसेननं बारदान सारलं, एका भेगेवर छिन्नीनं हलकेच खरवडलं, बोटानं चाचपलं, पाणी ओतून वाट बघितली. मग काकूंना म्हणाला, “आक्का, गरम दूध वाऱ्यावर ठेवलं की सायीला सुरकुत्या पडतात का न्हाई? तसं हाय हे. दूध न्हाई फाटलं. पाणी उभं राहू द्या, मग भेगांत सिमेंटची खीर ब्रशनं भरा, वरून उतार काढून घ्या. तोडायची बिलकुल गरज न्हाई.”

“अन् पुढं गळला म्हंजी?” सूर्यभाननं विचारलं.

“तुमचा गळतो का?” नागसेननं सहज विचारलं. सूर्यभानला एकदम म्हशीची धार आठवली.

मग नागसेन पोत्यांकडे बघून म्हणाला की एक कोडं मात्र सुटत नाही. बारदान तर इथं भरपूर आहे, आणि साय वाऱ्यावर उघडी पडल्याशिवाय अशी सुरकुतत नाही. स्लॅब घोटून झाल्यावर हे बारदान होतं कुठं?

पंडित कडुनिंबाचा शेंडा निरखत होता. मी माझ्या चपला बघत होतो. मला माझं पोतं आठवलं होतं.

“सांगते की,” काकू म्हणाल्या. “स्लॅब वरी उघडा तापायलता, अन् त्येचं बारदान ह्यांच्या पंगतीच्या बुडाखाली व्हतं. पंडितराव टाकायलाच निघालेते. ह्यांनीच हाताला धरून खाली आणलं, जिलबी थंड व्हायलीय म्हणून.”

चक्की त्या दिवशी बंद होती. अप्पांना प्रत्येक शब्द ऐकू आला.

ते पंडितकडे वळले आणि विचारलं, तू कामून बोलला नाहीस.

पंडितनं गॉगल काढला. “अप्पा, तुमी मला बसवून जेवू घातलं. त्या जेवणानं स्लॅब फाटला असं कोणत्या तोंडानं सांगू? जेवलो त्येच तोंड हाय.”

अडचणीत सापडले की अप्पा एकच वाक्य बोलतात, आणि तेच ते बोलले. म्हणाले, पंडितराव, चला, थालीपीठ गरम हाय. काकूंनी कपाळाला हात लावला. पण पंडित निघाला, आणि खाली पहिलं पान त्याचंच मांडलं गेलं. मशीनवाले तोपर्यंत इतके जेवले होते की मशीन टेम्पोत चढवायला आम्हालाच हात लावावा लागला.

पुढं पंडितनं स्लॅबवर आळी बांधली, त्यात पाणी तुंबवलं, नंतर भेगा भरल्या. सेंट्रिंग निघालं तेव्हा काकू आत जाऊन मान वर करून उभ्या राहिल्या. छताला ओल नव्हती, रेघ नव्हती. पत्रा भंगारवाल्याला दिला तेव्हा तो नीट लांब जाईपर्यंत त्या दारात उभ्या होत्या.

राहिला होता जिना. त्याचा स्लॅब पडला तो दिवसही तसाच, कोरड्या वाऱ्याचा. जिलबीवाला पुन्हा कडुनिंबाखाली होता. तो बोलावला जाणार नाही अशी आशा कुणालाच नव्हती. पण या खेपेला काकूंनी आपला कायदा केला. पोती जिन्यावर जातील. पंगत मातीत बसेल. आणि पंगत उठेपर्यंत वर पाण्याचा पाईप धरून मालक उभा राहील, दुसरं कुणी नाही.

तर आम्ही जेवायला बसलो आणि डोक्यावर टॉवेल गुंडाळून अप्पा शिडीनं वर गेले. वरून त्यांना सगळी पानं दिसत होती आणि वाढता एकही येत नव्हतं. असे हाल मी कुणाचे बघितले नाहीत. “पंडितरावांचं पान रिकामं दिसायलंय,” ते वरून म्हणत. “नको म्हणायलाय त्यो, ऐकू नका.” बोलण्याच्या भरात पाईप इकडे वळे आणि पंगतीवर तुषार पडत. पंडितनं मठ्ठ्याच्या वाटीवर हात धरला, तो पहिल्यांदाच खऱ्या कारणासाठी.

काकू नव्या स्वयंपाकघराच्या गारव्यात पुऱ्या तळत होत्या. त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी एका ताटलीत जिलब्या ठेवल्या आणि माझ्या हातात दिल्या. म्हणाल्या, वरी द्या त्येंना. नको म्हणले तर परत आणा, आग्रह करू नका.

मी शिडी चढलो आणि ताटली पुढं केली. अप्पांचे डोळे जिलबीवर होते. पण भरल्या घरचा माणूस, पहिल्या वेळेला कसं घ्यावं, म्हणून रीतीप्रमाणे ते म्हणाले, “नको नको.”

मी ताटली घेऊन खाली आलो.